अण्णांच्या हाताची कॅसेट

भाईंदर पूर्व
१२ नोव्हेंबर १९९५

अण्णा,

जय भीम.

माझी आधीची दोन्ही पत्रं पोचल्याचं दत्ताराममामांच्या पोस्टकार्डावरून कळलं. मामांनी लिहिलंय, ‘तुझे वडील पत्र ऐकतात. ऐकून झालं की घडी करून खिशात ठेवतात आणि शेळ्या घेऊन निघून जातात. बोलत काही नाहीत.’ खिशात ठेवता एवढं कळलं म्हणून हे तिसरं लिहायला बसले.

मामा, तुम्हाला एक विनंती. सगळ्या गावाचं टपाल वाटून दमून येता आणि वर आमचं पत्र वाचून दाखवता, पण वाचताना एकही ओळ गाळू नका. लांबलं तर उरलेलं उद्या वाचा. गाळू मात्र नका. असं का म्हणते ते अण्णांना माहीत आहे.

तुम्ही विचारलंत की गावात लोक म्हणतात, ज्ञानदेवाची नोकरी यंत्रमाणसाने खाल्ली, तर तो दिसतो कसा. मामा, माणसासारखा मुळीच नाही. जमिनीत बोल्टांनी बसवलेला एक लोखंडी हात आहे, खांद्यापासून मनगटापर्यंत. त्याला डोकं नाही आणि पायही नाहीत. ठाण्याकडची एक फ्रिजची कंपनी बंद पडली, तिच्या लिलावातून आमच्या मालकांनी, ईश्वरभाईंनी, तो भंगाराच्या भावात आणला. तिथे तो रंग मारायचा. आमच्या गाळ्यात तो स्टीलचं भांडं धरतो आणि फिरत्या चाकावर घासून पॉलिश करतो. त्याला शिकवायचं म्हणजे त्याच्या मनगटाजवळची मूठ धरायची आणि आपण एरवी जसं काम करतो तसं एकदा करायचं. ती सगळी हालचाल एका कॅसेटवर उतरते. गाण्यांची असते तसलीच कॅसेट. पुढे ती लावली की तो हात तेवढंच करत राहतो, दिवसभर, जेवणाची सुट्टी न घेता.

अण्णांनी त्याला मार्चमध्ये शिकवलं. वीस वर्षं पॉलिश केलेलं दुसरं कोणी गाळ्यात नव्हतं. जुलैमध्ये ईश्वरभाईंनी बारातल्या नऊ जणांना घरी बसवलं. अण्णांना ठेवलं होतं. तरी ते दुसऱ्या दिवशी गावी निघून आले. का आले ते आज लिहीत नाही. लिहीन.

अण्णा, आई बरी आहे. असं लिहिलं आणि खोडलं, मामांना खोडलेलं दिसत असेल. आई आता नळावर जात नाही. बबनकाकांच्या बायकोने रांगेत सगळ्यांसमोर म्हटलं, “तुमच्या मालकांनी स्वतःचा हात विकला तो विकला, आमच्या घरातले पण विकून टाकले.” त्या दिवसापासून पाणी मी भरते. बबनकाका रस्त्यात दिसले तर दुसऱ्या बाजूला जातात. तुमच्या शेजारच्या चाकावर त्यांनी अकरा वर्षं काढली, आणि आता ते मिठागरावर रोजाने जातात.

तुमचा खोकला कसा आहे? शेळ्यांमागे डोंगर चढता म्हणजे कमी असणार. कमी असेल तर मामांना तेवढंच लिहायला सांगा.

आणि एक. तुम्ही भांडं अर्धं झालं की चाकावरून काढून कानाजवळ न्यायचात आणि बोटाने वाजवायचात. तो हातही तसंच करतो. अर्ध्यात भांडं उचलतो, थोडं वर नेतो, एक श्वासभर थांबतो आणि परत चाकाला लावतो. मशीन बघायला ठेवलेले प्रितम डिप्लोमा झालेले आहेत, ते म्हणतात हा वेळ फुकट जातोय. पॅकिंगमधल्या सरूबाई म्हणतात, “ज्ञानदेव कान देतायत, देऊ द्या.”

मला घरी या असं लिहायचा हक्क आहे की नाही ते कळत नाही. आई म्हणते, या.

तुमची
राजश्री


भाईंदर पूर्व
१० डिसेंबर १९९५

अण्णा,

जय भीम.

सहा तारखेला आई आणि मी दादरला जाऊन आलो. दरवर्षी तुम्ही आम्हाला ज्या पुस्तकांच्या स्टॉलपाशी उभं करायचात तिथे आई दीड तास उभी होती. तुम्ही गावाहून परस्पर याल असं तिला वाटत होतं. मी तिला नाही म्हटलं नाही. तुम्ही जाडी बघून माझ्यासाठी पुस्तक निवडायचात, म्हणायचात की जाडं घेतलं की वर्षभर पुरतं. यंदा मी स्वतः निवडलं. बारीक निघालं, चार दिवसांत संपलं.

आता त्या कागदाबद्दल. मामा, हे वाचताना तुम्हालाही माझ्याबद्दल वाईट वाटेल. वाटू द्या.

मी चौथीत होते तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक कागद मी वाचला. रेशनकार्डाचा, मीटरचा, आईच्या ऑपरेशनचा. आपल्या घरात आधी कोणाला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारचे कोणी कागद वाचायला पुढे झाले की तुम्ही म्हणायचात, “माझी पोरगी वाचील.” मी वाचायची, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि मग अंगठा द्यायचात. मार्चमध्ये ईश्वरभाईंनी मशीन शिकवायच्या आदल्या दिवशी कागद दिला, तोही मीच वाचला, ऑफिसच्या टेबलापाशी. अकरा ओळी होत्या. सातवी अशी होती: ‘सदर हालचालींवर व कॅसेटवर संपूर्ण हक्क मालकाचा राहील व त्यायोगे कामगार कमी करावे लागल्यास सही करणाराची हरकत राहणार नाही.’

सहावी वाचून माझे डोळे सातवीवर आले आणि मी आठवी वाचली.

चुकून नाही. मला ती दिसली होती. तुम्ही मोरीत थुंकायचात ते काळं असायचं. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट चाकाने अर्धं नेलं होतंच. मला वाटलं, मशीन आलं तर तुम्ही त्या चाकापासून सुटाल. सातवी ऐकलीत तर तुम्ही नाही म्हणाल, हेही मला पक्कं माहीत होतं. आणि ऑफिसात लागून मला दोनच महिने झाले होते, ईश्वरभाई समोर उभे होते. ही कारणं मी रोज रात्री उलटसुलट करून बघते. खरी आहेत. पण तुम्ही माझ्या डोळ्यांनी वाचत होतात आणि मीच ते मिटले.

जुलैत नऊ जणांनी गाळ्यात येऊन विचारलं की मशीन शिकवलं कोणी आणि कोणाला विचारून, तेव्हा ईश्वरभाईंनी तो कागद बबनकाकांच्या हातात दिला. त्यांनी सातवी ओळ मोठ्याने वाचली. मग विचारलं, “ज्ञानदेवा, तुला हे ठाऊक होतं?” मी टेबलाशी चलनावर लिहीत होते. तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत. आणि म्हणालात, “ठाऊक होतं. पोरीने वाचून दाखवलं होतं.”

तुम्ही खोटं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. नऊ जणांनी तुम्हाला विकाऊ म्हटलं आणि तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. मी लिहीतच राहिले. त्या चलनावर मी काय लिहिलं ते नंतर कोणालाच लागेना, दुसरं करावं लागलं.

तुम्ही माझ्यावर रागावून गेलात की माझी शरम झाकायला गेलात, हे मला माहीत नाही. दोन्ही असेल.

राजश्री


भाईंदर पूर्व
२१ जानेवारी १९९६

अण्णा,

जय भीम.

मामांचं कार्ड आलं. ‘सगळं वाचलं, काही गाळलं नाही. ज्ञानदेवाने पत्र खिशात ठेवलं. त्या दिवशी शेळ्या घेऊन गेला नाही, पडवीत बसून राहिला. खोकला कमी आहे.’ हे कार्ड मी आईला चारदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा ती म्हणाली, आता मला पाठ झालं.

पॉलिश स्वस्तात व्हायला लागलं तशी भांडी स्वस्त झाली. केबिन रोडवरचा हातगाडीवाला आपल्या गाळ्याची ताटं विकतो. आईने सहा घेतली. पाहुणे आले की आपण शेजारून ताटं मागून आणायचो, ते आता नाही. पण मागच्या गल्लीतले दोन छोटे गाळे, जिथे हातानेच पॉलिश चालायचं, ते बंद झाले. एका गाळ्याच्या शटरवर आता झेरॉक्सची पाटी आहे. मी रोज त्याच गल्लीने जाते आणि घरी येऊन त्याच ताटात जेवते. कशाला चांगलं म्हणायचं ते नीट ठरवता येत नाही.

आता गाळ्यातली अडचण. हॉटेलांना माल देणाऱ्या एका मोठ्या दुकानाने हंड्या मागितल्यात, पोटाला फुगीर आणि मानेला अरुंद. मार्चअखेर द्यायच्या आहेत. तुमच्या कॅसेटवर फक्त ताट आणि सपाट पातेलं आहे. प्रितमनी मूठ धरून स्वतः हंडी शिकवली. मानेपाशी स्टील तापून निळं पडलं, जसं शेगडीवर विसरलेल्या भांड्याचं होतं. त्यांनी सात कॅसेटी केल्या. सातही तशाच. ते कबूल करतात की मशीन चालवता येतं पण भांडं हातात कळत नाही. ईश्वरभाई परवा मोजक्या शब्दांत म्हणाले, “एकच हात खरा होता, तो मीच जाऊ दिला.” ऑर्डर गेली तर उरलेले दोघेही घरी बसतील आणि मशीन पुन्हा भंगारात जाईल.

दुसरी गोष्ट मला प्रितमकडून कळली. केबिन रोडवर गाण्यांच्या कॅसेटी भरून देतात त्या दुकानात तुमच्या कॅसेटची कॉपी झाली. ती ईश्वरभाईंच्या साडूंच्या वसईच्या गाळ्यात चालते. म्हणजे तुम्ही तिकडे पडवीत बसलेले असता आणि तुमचा हात भाईंदरला आणि वसईला एकाच वेळी राबत असतो, आणि तुम्हाला कोणी विचारलेलंही नसतं.

हे ऐकून मी एक चूक केली. शनिवारी ती कॅसेट पर्समधून घरी आणली. संध्याकाळी आईने आपल्या टेपरेकॉर्डरवर लावली. आधी किरकिर, मग बारीक शिट्टीसारखं काही, मध्येच एकच सूर तसाच लांबला, परत किरकिर. आई म्हणाली बिघडली. मी म्हटलं, नाही, हा अण्णांचा हात आहे, सूर लांबला तिथे ते भांडं वाजवून बघतायत. आईने ती संपेपर्यंत ऐकली. मग म्हणाली, “परत लाव.”

सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन खणात ठेवली आणि ईश्वरभाईंना सांगून टाकलं. ते म्हणाले, “गाना कैसा था?”

येत्या रविवारी त्यांनी काढलेल्या नऊ जणांना बोलावलंय, हंडी शिकवायला कोणी तयार होतं का बघायला. ते तयार होणार नाहीत. ज्ञानदेवाने जाणूनबुजून आपल्याला बुडवलं असं ते मानतात तोवर त्या मुठीला कोणी हात लावणार नाही. खरं काय ते मला माहीत आहे. सांगितलं तर माझी नोकरी जाईल, तीही तिघांच्या घरात एकच पगार येत असताना. त्याहून मोठी भीती अशी की तुम्ही सगळ्यांसमोर जे झाकलंत ते मी तुम्हाला न विचारता उघडं करीन. पुन्हा एकदा तुम्हाला न विचारता. रविवारच्या आत उत्तर द्या. मामा, तार केलीत तरी चालेल.

राजश्री


भाईंदर पूर्व
२८ जानेवारी १९९६, रविवार

अण्णा,

जय भीम.

तार आली नाही. मी सांगून टाकलं.

सातजण आले होते. ईश्वरभाईंनी चहा मागवला, कोणी ग्लासाला हात लावला नाही. ईश्वरभाईंनी हंडीचं सांगितलं. बबनकाका म्हणाले, “आम्ही मूठ धरायची आणि कॅसेट झाली की पुन्हा मिठागर. ज्ञानदेवाने ठाऊक असून केलं. त्याला गाव होतं जायला. आम्ही कुठं जायचं?” बाकीचे उठायला लागले.

मी खणातून तो कागद काढला. म्हटलं, दोन मिनिटं बसा, मला हा वाचायचाय. पहिल्या दोन ओळी कोणाला ऐकू गेल्या नसतील म्हणून परत पहिल्यापासून सुरुवात केली. सहावी झाली, सातवी झाली, पुढे अकरावीपर्यंत वाचलं. मग सांगितलं, “ही सातवी ओळ मी मार्चमध्ये अण्णांना वाचून दाखवली नव्हती. त्यांना ठाऊक नव्हतं. जुलैत ते खोटं बोलले.”

बबनकाका म्हणाले, “खोटं कशाला बोलेल तो?”

सरूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “कशाला म्हणजे? पोर समोर टेबलाला बसली होती ना.”

बबनकाकांनी गार झालेला चहा उचलला, एका घोटात संपवला आणि ग्लास बराच वेळ हातात फिरवत बसले, तुम्ही भांडं बघता तसा. “सहा महिने,” ते म्हणाले, “सहा महिने मी त्याच्या नावाने थुंकलो.” मग माझ्याकडे बघून, “तू लय उशीर केलास, राजश्री.” मी हो म्हटलं. त्याला दुसरं काय म्हणणार.

ईश्वरभाईंनी विचारलं, “पगार कौन देता है तेरेको?” मी म्हटलं, तुम्ही. “तो मेरा कागद किसके सामने पढ़ रही है?” मी म्हटलं, ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यासमोर. हे मी ठरवून बोलले नव्हते, तोंडातून निघालं. ते उठून बाहेर गेले. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. परत आले आणि बबनकाकांना म्हणाले, “बोल. क्या चाहिए?”

बबनकाका म्हणाले, “तो कागद फाडा. नवा करा, आमच्यासमोर. आणि ज्ञानदेवाचा अंगठा त्याच्यावर पहिला.”

ईश्वरभाईंनी लगेच फाडला नाही. चष्मा लावून सातवी ओळ स्वतः एकदा वाचली. बहुतेक वकिलाने लिहिलेली त्यांनीही नीट वाचली नव्हती. मग फाडला.

माझी नोकरी आहे. उद्या असेल की नाही माहीत नाही, आज आहे.

संध्याकाळी बबनकाकांची बायको आमच्या दारात आली. एक कळशी तिच्या कमरेवर होतीच. तिने आईचीही उचलली आणि म्हणाली, “चला, पाणी जाईल.” आई चप्पल न घालताच गेली.

तुम्हाला न विचारता केलं. रागावला असाल तर रागवा, पण हे पत्र तरी मामांना खिशातून काढून दोनदा वाचायला सांगा.

राजश्री


भाईंदर पूर्व
१० मार्च १९९६

अण्णा,

जय भीम.

मामांचं कार्ड: ‘दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा त्यानेच सांगितलं.’ बस, एवढंच. मामा, तुम्ही कमी लिहिता पण गाळत नाही हे कळलं.

हंड्या जमल्या. कशा जमल्या ते तुम्हालाच सांगायला हवं. बबनकाकांनी मूठ धरली, पहिल्या तीन हंड्या निळ्या. त्यांनी हात झटकला, म्हणाले माझ्याने व्हायचं नाही. तोवर प्रितमनी त्याच हाताला तुमची कॅसेट लावून पातेली चालू केली. ते बिडी विझवून बघत उभे राहिले. तो हात अर्ध्यात भांडं उचलतो, थांबतो, परत लावतो. त्यांनी एकदम प्रितमना ओरडून मशीन थांबवलं आणि उचललेल्या पातेल्याला हात लावून बघितला. तापलेलं होतं, पण त्या एका श्वासात उतरत होतं. म्हणाले, “अकरा वर्षं हा शेजारी टिचक्या मारायचा, मी म्हणायचो नखरे करतो. तो भांडं गार करत होता.” चौथी हंडी त्यांनी थांबून थांबून केली. पांढरीशुभ्र निघाली. प्रितमनी कबूल केलं की जो वेळ फुकट जातो म्हणून ते कापायला निघाले होते, तोच कामाचा होता.

म्हणजे तुम्ही मशीनला शिकवलंत आणि मशीनने बबनकाकांना. तुम्हाला कोणी विचारलं असतं तर तुम्हीच सांगितलं असतंत, पण त्या सहा महिन्यांत कोणाला विचारायची सोय नव्हती.

आता पाचजण परत लागलेत. चाकावर कोणी उभं राहत नाही. ते नव्या घाटाची भांडी शिकवतात, पत्र्याची जाडी बदलली की कॅसेट बदलतात, माल तपासतात. लोखंडी हात भांडं उचलतो, त्यामुळे ताकद लागत नाही, म्हणून मशीन लावायला सरूबाई आल्या. पॉलिशच्या खोलीत बाई पहिल्यांदाच आली. त्यांनी पहिल्या दिवशी मशीनला हळदकुंकू लावलं, प्रितमनी ते पुसलं, त्यांनी परत लावलं. आमच्या इंडस्ट्रियल एस्टेटमधल्या आणखी तीन गाळ्यांनी त्याच लिलावातले हात घेतलेत, त्यांनाही शिकवायला माणसं हवीत. बबनकाका म्हणतात, आपण सगळे मिळून मंडळ करू, ज्याला हात शिकवायचाय त्याने मंडळाकडे यावं.

सगळंच चांगलं झालं असं लिहिणार नाही. नऊ जणांतले दोघे कुठे गेले ते कोणालाच माहीत नाही, खोली सोडून गेलेत. दोघे येत नाही म्हणाले, एकाला मिठागरावर उघड्यावर बरं वाटतं. बंद झालेले छोटे गाळे बंदच आहेत. प्रितम म्हणतात, पुढे अशी मशीनं येतील ज्यांना डोळे असतील, कॅसेट लागणारच नाही. मी विचारलं, मग आमचं काय. ते म्हणाले, तेव्हाही भांडं चांगलं झालं की नाही हे कोणीतरी ठरवावं लागेल. मला ते पुरेसं वाटलं नाही. पण तेव्हाही कोणीतरी कागद करीलच, आणि तो मोठ्याने वाचणारं माणूस तिथे असलं पाहिजे, एवढं मला कळलंय.

नवा कागद तयार आहे, सोबत पाठवते. त्यात असं आहे की ज्याचा हात त्याची कॅसेट. ती त्याने सकाळी आणायची आणि संध्याकाळी घरी न्यायची. त्याला विचारल्याशिवाय कॉपी नाही. मशीनमुळे काम आवरलं म्हणून शिकवणाऱ्याला काढायचं नाही, त्याला पुढचं शिकवायला द्यायचं. वसईची कॉपी ईश्वरभाईंनी स्वतः जाऊन आणली. आणखी कुठे नाही ना, असं मी विचारलं. नाही म्हणाले. खरं असेल असं धरते, खात्री देत नाही. तुमची कॅसेट सध्या आपल्याकडे आहे, आईच्या लुगड्यांच्या ट्रंकेत. रोज सकाळी ती मला मोजून दिल्यासारखी देते आणि संध्याकाळी हात पुढे करते.

कागद मामा वाचतील. मी मध्ये नको. पटला तर अंगठा द्या, नाही पटला तर कोरा परत पाठवा, मी काही विचारणार नाही.

राजश्री


भाईंदर पूर्व
७ एप्रिल १९९६

अण्णा,

जय भीम.

कागद अंगठ्याशिवाय परत आला. पाकीट उघडून तेवढंच दिसलं, आणि मी ते आईपासून लपवून मोरीत जाऊन उभी राहिले. मग मागच्या बाजूला मामांचं अक्षर दिसलं. ‘ज्ञानदेव बोलला. त्याचेच शब्द लिहितो. दत्तारामाने वाचलेल्या कागदावर अंगठा द्यायला मी काय बिनपोरीचा हाय? तिला सांग, शनवारच्या एसटीने येतो. जयंतीला घरी असेन. सोमवारी गाळ्यात सगळ्यांना बोलवायचं, आणि वाचायचं तिनेच.’

आईला वाचून दाखवलं. तिने पाठ होईपर्यंत थांबायलाच सांगितलं नाही, सरळ तुमचा पांढरा शर्ट भिजत घातला.

बबनकाका एसटी स्टॅंडवर येणार म्हणतात. मी म्हटलं, मी आहे ना. ते म्हणाले, “तू घरी स्वयंपाक बघ. मला त्याला रस्त्यात एकट्याला काहीतरी बोलायचंय.” येऊ द्या त्यांना. ते खूप दिवस पाठ करतायत, पण त्यांना काही बोलता येईल असं वाटत नाही. तुम्हीच काहीतरी बोला.

हे पत्र शुक्रवारच्या आत पोचावं म्हणून आजच टाकते, कारण एक गोष्ट तुम्हाला निघायच्या आधी कळायला हवी.

हा नवा कागदही अकरा ओळींचा होता. मी बसून नऊ ओळींचा केला. दोन ओळी शेजारच्या ओळींना जोडल्या, एकही शब्द कमी केला नाही, प्रितम आणि ईश्वरभाई दोघांनी ताडून बघितलंय. नऊच का, ते सांगते. तुम्ही नेहमी डोळे मिटून ऐकता. या वेळी उघडे ठेवा आणि दोन्ही हात समोर धरा. मी एक ओळ वाचली की एक अख्खं बोट मिटा. दर ओळीनंतर मी थांबेन, तुमचं बोट मिटेपर्यंत पुढे जाणार नाही. नऊ ओळी झाल्या की चाकाने नेलेलं ते अर्धं बोट तेवढं उघडं राहायला हवं.

पूर्ण बोट उघडं राहिलं तर अंगठा देऊ नका. तिथेच, सगळ्यांसमोर, मला विचारा.

तुमची
राजश्री